तेरा फरवर्दीनचा राजीनामा

१६ अर्दिबेहेश्त

ही वही पर्नियाची. माझ्या भावाची मुलगी. पहिल्या अकरा पानांवर तिची गणितं आहेत, त्यातली निम्मी चुकलेली. ती पानं तशीच ठेवली आहेत. मला लिहायची सवय नाही, पण कामगार कचेरीच्या तीन नंबर खिडकीतल्या खानम सोतूदे आज म्हणाल्या, "घरी जाऊन वही करा. जे जे होईल ते तारखेनिशी लिहा. इथे रडणाऱ्या रोज वीस येतात, तारीख सांगणारी एखादीच येते."

तर तारखेनिशी. अर्दिबेहेश्तच्या अकराला कामगार दिन झाला. आमच्या टाइलच्या कारखान्याने प्रत्येकीला केकचा एक डबा दिला. तेराला दोन नंबरची भट्टी विझवली आणि बर्जेगरसाहेबांनी भट्टीच्या तोंडाशी माल निवडणाऱ्या आम्हा सहाजणींना बोलावून सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. गॅस मिळत नाही, माझ्या हातात काही नाही. बेकारीचा विमा कशासाठी असतो? तो घ्या, आराम करा." केकचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

माझी अठरा वर्षं आणि चार महिने भरलेत. वीस भरली की बाईला पेन्शन. बेकारीच्या भत्त्याचे महिनेही त्या वीस वर्षांत धरतात, आणि मला सव्वीस महिने मिळतात. लागतात फक्त वीस. सोतूदेबाईंनीच बोटांवर मोजून दाखवलं. म्हणजे मला फक्त घरी बसून खोकायचं आहे, आणि पेन्शन आपल्या पायांनी चालत येईल.

अर्ज दिला. पोच घेतली.

२९ अर्दिबेहेश्त

नामंजूर.

खिडकीवर एका ओळीचा कागद दिला. "कामगाराने स्वेच्छेने राजीनामा दिल्याने भत्त्यास पात्र नाही." मी म्हटलं, बाई, माझ्या नावाची दुसरी कोणी असेल. सोतूदेबाईंनी संगणकात पाहिलं. इफ्फत अन्सारीफर, टाइल निवड विभाग, भट्टी दोन. मीच.

"कारखान्याने तुमचा राजीनामा जोडलाय. सही आहे, अंगठा आहे."

"मी राजीनामा दिला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोऱ्या कागदावर सही केली होतीत?"

काय सांगणार? इथे मेयबोदमध्ये कोणी केली नाही? दर वर्षी नवरोजच्या आधी करार नवा होतो तेव्हा दोन कोरे कागद पुढे येतात. खाली सही, शेजारी अंगठा. कोणी विचारत नाही कशाला. विचारलं तर रांगेत मागे दहाजणी उभ्या असतात. यंदाही केली. कागदांचा गठ्ठा आणि शाईची गादी घेऊन आमच्याकडे आला होता तो माझाच भाऊ अता. तो कारखान्याच्या ऑफिसात बसतो. मी त्याला म्हटलंसुद्धा, "काय रे, आज आमचे अंगठे गोळा करून विकणार वाटतं." सगळ्या हसल्या होत्या. तो हसला नव्हता, पण तो ऑफिसात कधीच हसत नाही.

३० अर्दिबेहेश्त

संध्याकाळी अताकडे गेले. आई त्याच्याकडेच असते. मोनीरेने, म्हणजे त्याच्या बायकोने, शूलीचं वाडगं पुढे ठेवलं आणि मी चमचा उचलायच्या आत म्हणाली, "इफ्फतताई, मोठ्यांशी भांडून कोणाचं भलं झालंय? बाकीच्या पाचजणी गप्प बसल्यात. जी तक्रार घेऊन कामगार मंडळाकडे जाणार नाही तिला भट्टी चालू झाली की परत घेणार म्हणे."

"भट्टी चालू होईल तेव्हा माझं थडगं पण जुनं झालं असेल."

अता जेवत होता. मी त्याला विचारलं, "तुझ्या ऑफिसातून गेला असेल ना तो कागद? कोणी भरला?"

तो म्हणाला, "तिथे चौघं बसतात, आबजी." मला तो आबजीच म्हणतो, ताई म्हणून. पाणी प्यायला. मग म्हणाला, "तक्रार कर."

मोनीरेने त्याच्याकडे असं पाहिलं की वाडगंच डोक्यात घालते की काय.

माझा अता असाच आहे. तोंडातून शब्द काढायचा तर चिमट्याने, पण बहिणीच्या बाजूचा. अकरा वर्षांपूर्वी मीच बर्जेगरसाहेबांचे पाय धरून त्याला ऑफिसात चिकटवला. अक्षर मोत्यासारखं, हिशेबाला चोख, म्हणून घेतला. नाहीतर तोही भट्टीवर असता.

६ खोरदाद

तक्रार दिली. पोच घेतली. सोतूदेबाई म्हणाल्या, वहीत लिहा. लिहिलं.

१९ खोरदाद

काही नाही. दुपारी झाकिये भेटली, आमच्या सहाजणींतली सर्वांत धाकटी. रस्ता ओलांडून पलीकडून गेली. माझ्याशी बोलताना कोणी पाहिलं तर तिला परत घेणार नाहीत. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिला दोन लेकरं आहेत.

७ तीर

आज मंडळ होतं. एका टेबलामागे तिघं. एक सरकारचा, एक मालकांचा, एक आमचा, म्हणजे कामगारांचा. आमचा म्हणायचं ते एवढ्यासाठी की त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती.

बर्जेगरसाहेब आले होते. माझ्याशी अदबीने बोलले. "खानम अन्सारीफर आमच्याकडची जुनी बाई. थकल्या होत्या. स्वतःहून म्हणाल्या, आता जमत नाही. आम्ही थांबवलं नाही." आणि तो कागद टेबलावर सरकवला.

मी वाकून पाहिलं. खाली माझी सही, वेडीवाकडी. शेजारी माझा अंगठा. डाव्या अंगठ्यावर टाइलच्या काठाने कापल्याची खूण आहे, ती शाईत आडवी रेघ होऊन उतरली होती. ती रेघ पाहिली आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. स्वतःचा अंगठा आपल्याविरुद्ध साक्ष देतोय म्हटल्यावर माणूस काय बोलणार? सरकारी माणसाने विचारलं, "ही सही तुमची?" मी म्हटलं, हो. "अंगठा तुमचा?" हो. "मग?"

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. खोकल्याची उबळ आली, इस्त्री नसलेल्याने पाण्याचा पेला दिला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. तक्रार फेटाळली. पंधरा दिवसांत वरच्या मंडळाकडे दाद मागता येईल, असं दारातल्या शिपायाने सांगितलं. आत कोणी सांगितलं नाही.

घरी येऊन हात साबणाने धुतले. दोनदा.

८ तीर

सकाळीच अता आला, ऑफिसला जायच्या आधी, गरम रोटी घेऊन. बसला नाही.

"कागद वाचलास?"

"काय वाचायचं त्यात? सही माझी, अंगठा माझा."

"मी विचारतोय, कागद वाचलास का?"

"डोळ्यांपुढे अंधारी आली होती रे."

तेव्हा तो चिडला. अता चिडलेला मी आयुष्यात दोनदा पाहिलाय. "कागद वाचायचा असतो, आबजी. वरून वाचायचा. पहिल्या ओळीपासून. तू सगळ्यांसारखी खालून वाचतेस, सही बघतेस आणि घाबरतेस." दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळला. "वरच्या मंडळाकडे जाशील तेव्हा त्या कागदाची नक्कल माग. त्यांना द्यावी लागते."

मला फार लागलं. मी पाचवीपर्यंत शिकले ते घरात हा पाळण्यात होता म्हणून. त्याच्या लंगोटांपायी माझी शाळा सुटली आणि आता हा मला वाचायला शिकवतो. रोटी दुपारपर्यंत तशीच पडली होती. मग खाल्ली.

१४ तीर

वर दाद मागायचा अर्ज दिला. सोतूदेबाईंनी लिहून दिला. पोच घेतली. नक्कल मागितली. उद्या या म्हणाले.

१५ तीर

नक्कल मिळाली. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून वाचली. वरून.

वर तारीख आहे. १३ फरवर्दीन.

आधी मला हसूच आलं. तेरा फरवर्दीन! नवरोजचा तेरावा दिवस, सिझदा-बेदर. त्या दिवशी घरात राहिलेल्याला वर्षभर साडेसाती, म्हणून अख्खं गाव रानात असतं. कारखाना बंद, बाजार बंद, मशिदीबाहेरचा भिकारीसुद्धा नदीकाठी. त्या दिवशी मी म्हणे ऑफिसात जाऊन राजीनामा दिला! खाली आवक नंबरसुद्धा त्याच तारखेचा. महिन्याची नोटीस दाखवायची म्हणून कोणीतरी १३ अर्दिबेहेश्तपासून बरोबर एक महिना मागे मोजलं आणि तेराव्यावर येऊन आपटलं.

मग मी मजकूर वाचला. आणि अक्षर पाहिलं.

ते अक्षर मी ओळखते. पहिलं अक्षर मीच हात धरून गिरवून घेतलं होतं. त्याचा 'न' पोटात जरा जास्त खोल जातो, वाटीसारखा.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाकावर किती वेळ बसले माहीत नाही. शेजारी एक म्हातारा जर्दाळू खात होता. त्याने मलाही एक दिला आणि मी तो खाल्ला.

१६ तीर

तिथे चौघं बसतात, आबजी.

१७ तीर

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला सांगू? सोतूदेबाईंना तारखेचं सांगितलं. अक्षराचं नाही. त्या एकदम खुर्चीतून उठल्या. "हे कोणाला बोलू नका. मंडळासमोर फक्त एवढंच बोला. फक्त तारीख. दुसरं काही नको."

मग म्हणाल्या, बाकीच्या पाचजणींचे कागदही इथेच आलेत, बघते. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. पाचही कागदांवर तीच तारीख.

सहा वेळा तीच चूक. असा गाढव जन्माला यायला पण नशीब लागतं.

२२ तीर

अता दोनदा येऊन गेला. मी दार उघडलं नाही. खिडकीतून पाहिलं, पायरीवर रोटी ठेवून गेला. ती समोरच्या कबुतरांना घातली.

पर्नियाने सिझदा-बेदरला फोनवर काढलेला फोटो माझ्याकडे होता. स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. मी काहूचं, म्हणजे लेट्यूसचं, पान सिकंजबीनच्या आंबटगोड पाकात बुडवतेय, मागे आई सतरंजीवर, आणि अता गुडघ्यावर बसून गवताच्या दोन पात्यांची गाठ मारतोय. नवस असतो तो, वर्ष चांगलं जावं म्हणून. कसला नवस केला होता त्याने? तेव्हा त्याला ठाऊक असेल का, की भट्टी विझणार आहे? ऑफिसवाल्यांना आधी कळतं.

२ मोरदाद

वरचं मंडळ.

यातले अध्यक्ष म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कागद त्यांनी स्वतःच वरून वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"खानम, तेरा फरवर्दीनला तुम्ही कारखान्यात गेला होतात?"

"त्या दिवशी मेयबोदमध्ये मांजरसुद्धा घरात नसतं, साहेब."

टेबलामागचा एकजण हसला. बर्जेगरसाहेब म्हणाले, "तारीख लिहिताना चूक झाली असेल. कागद बाईंचा, अंगठा बाईंचा."

अध्यक्षांनी कागद उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "आणि आवक नंबर? तोही चुकून? तुमचं ऑफिस सिझदा-बेदरला उघडं असतं का? असेल तर आणखी चार कायदे मोडलेत तुम्ही."

बर्जेगरसाहेबांनी रुमाल काढला. त्यांच्या टकलावर घाम आला होता. अध्यक्षांनी फाइल मिटली. "ठीक आहे. खानम, तुम्ही जा. निकाल घरी येईल."

तिथे संपलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं की संपलंय, हे इथे लिहून ठेवते. सोतूदेबाईंनी सांगितलं होतं, दुसरं काही नको. उठायचं, सलाम करायचा आणि घरी यायचं.

मी पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हा मी. ही आई. आणि हा गवताला गाठ मारतोय, तो माझा भाऊ. यांच्याच ऑफिसात बसतो. हा कागद त्याने लिहिलाय, अक्षर बघा. त्याला विचारा मी त्या दिवशी कुठे होते."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, हे मी विचारलं नव्हतं."

बर्जेगरसाहेबांनी फोटो उचलला, नीट पाहिला आणि परत ठेवला. त्यांचा घाम एकदम सुकल्यासारखा दिसला.

३ मोरदाद

मी खोटं काही बोलले नाही.

५ मोरदाद

आईचा फोन. मोनीरेकडून सगळं कळलेलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. म्हणाली, "अताने तारखेत चूक केली? अताने?"

"केली. सहा वेळा."

"तुझ्या बापाच्या बरसीची तारीख कोण सांगतो? तुझ्या तलाकची कोणाला आठवते? त्याची तारीख चुकत नाही, इफ्फत."

"तुझा मुलगा सोन्याचा, माहितीये मला."

तिने फोन ठेवला. म्हातारीला अजून मुलाचं कौतुक. बहिणीचा गळा कापला तरी सुरी कशी सरळ धरली ते सांगेल.

२१ मोरदाद

निकाल आला. राजीनामा ग्राह्य नाही. भत्ता मंजूर, पहिल्या दिवसापासून. सव्वीस महिने.

सोतूदेबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. झाकिये आणि आणखी दोघी आज त्याच खिडकीपुढे रांगेत उभ्या होत्या, हातात नकला घेऊन. झाकियेने मला मिठी मारली आणि रडली. मी घरी येऊन भात टाकला आणि पातेल्यापाशी उभी राहिले. आनंद व्हायची वाट बघत होते. भात करपला.

४ शहरीवर

पर्निया रस्त्यात भेटली. मी हाक मारली तर म्हणाली, "अम्मे, मला तुमच्याशी बोलायचं नाहीये." आणि मग बोललीच, कारण अकरा वर्षांच्या पोरीला किती वेळ गप्प बसवणार. बाबा पंधरा दिवस घरी आहेत. बाबांनी राजीनामा दिला.

"दिला?"

"कागदावर तसं आहे."

११ शहरीवर

दुपारी दार वाजलं. अता. हातात रोटी नव्हती, एक लिफाफा होता.

मी दार उघडलं. का उघडलं ते मला विचारू नये. दोन महिने मनात शंभर वाक्यं तयार ठेवली होती, एकापेक्षा एक जहरी, आणि तो समोर आल्यावर दिसलं ते एवढंच की त्याने दाढी केलेली नाही.

बसला. मी चहा केला. त्याने पहिला पेला संपवला. मग म्हणाला, "आबजी, बेकारीचा अर्ज कुठल्या खिडकीत देतात?"

"तीन नंबर." मग मला राहवलं नाही. "किती कोऱ्या कागदांवर सही केली होतीस तू?"

"चार. एक वापरला. तीन अजून त्यांच्याकडे आहेत."

"आणि तुला कळलं नाही? सगळ्यांचे कागद भरणाऱ्याला?"

"कळलं होतं." पेला खाली ठेवला. "पहिल्या दिवशी बर्जेगर म्हणाला, सहाचे भर, नाहीतर सातवा तुझा. मी सहा भरले."

खोकला आला. तो उठून पाणी घेऊन आला. पेला कुठे असतो, त्याला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "भरलेस तर निदान धड भरायचेस. तेरा फरवर्दीन! शाळेतलं पोरसुद्धा सांगेल त्या दिवशी काय असतं. सहाच्या सहा. तुला लाज नाही वाटली?"

"चूक झाली," तो म्हणाला. आणि हसला. ऑफिसात न हसणारा माझा भाऊ माझ्या घरात बसून, दाढी वाढलेला, नोकरी गेलेला, हसला. मला तेव्हा त्याला थोबाडीत मारावीशी वाटली.

त्याने लिफाफ्यातून अर्ज काढला, पेन मागितलं आणि लिहायला बसला. आधी तारीख, कारण तारीख वर असते. पण लिहायच्या आधी थांबला. शर्टाच्या खिशातून लहान कॅलेंडर काढलं, ते वर्षानुवर्षं त्याच्या खिशात असतं. पानं उलटून शहरीवर काढला, बोट ठेवून आजचा वार बघितला, आणि मग लिहिली. पानं उलटताना वर्षाचा पहिला महिना क्षणभर दिसला. सुट्ट्यांभोवती त्याने लाल पेनने गोल केलेले होते, दर वर्षी करतो तसे. तेरावरचा गोल दोनदा गिरवलेला होता.

अठरा वर्षं मी टाइली वाजवल्या. बोटाच्या पेराने एक टकटक, आणि आत तडा आहे की नाही ते कानाला कळतं. चूक होत नाही. भावाला मात्र एकदाही वाजवून बघितलं नाही.

"अता," मी म्हटलं, "तू नेहमी बघतोस का रे?"

"काय?"

"तारीख. लिहायच्या आधी."

"सवय आहे," तो म्हणाला. सही केली, कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला. "नीट वाचून बघ, आबजी. वरून."

मी वरून वाचायला घेतला. तारखेच्या पुढे मला जाता आलं नाही.